कोपऱ्यात होल्डडाउन कशाला, अँकर बोल्ट आहेत ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये १९५०च्या दशकातलं एकमजली लाकडी घर, क्रॉलस्पेसवर (फरशीखालच्या, रांगत जाण्याएवढ्या पोकळीवर) उभं. मागच्या बाजूला वीस बाय सोळाची फॅमिली रूम वाढवायला घेतली आहे, ती जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर. किचन आणि नवी खोली एक व्हावी म्हणून जुनी मागची भिंत जवळजवळ सगळी काढली. नव्या मागच्या भिंतीत बारा फुटी सरकतं काचेचं दार, त्यामुळे दोन्ही टोकांना चार-चार फुटांचे तुकडे तेवढे उरलेत. स्लॅब ओतून झाला, फ्रेमिंग म्हणजे लाकडी सांगाडा उभा राहिला, बाहेरून प्लायवूड ठोकून झालं, आणि इन्स्पेक्टरने काम थांबवलं. ड्रॉइंगमध्ये त्या भिंतीला दाखवलेले चारही होल्डडाउन (भिंतीचं टोक काँक्रीटला बांधणारे पोलादी ब्रॅकेट) जागेवर नाहीत. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, सिल प्लेटला (काँक्रीटवर आडव्या टेकलेल्या, भिंतीच्या तळाच्या लाकडाला) दर चार फुटांवर अँकर बोल्ट आहेतच, हवा तर कोपऱ्यात आणखी एकेक मारून देतो. तुम्ही विचारताय की हे चालेल का, चालत नसेल तर स्लॅब झाल्यावर आता काय करायचं, आणि जुन्या घरात तर यातलं काहीच नाही, त्याचं काय.

चालणार नाही. इन्स्पेक्टर बरोबर आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना पुढची फसगत टळते.

अँकर बोल्टचं काम भिंतीला सरकू न देणं. होल्डडाउनचं काम भिंतीला उलथू न देणं. लोखंडी कपाट वरच्या कडेला हात लावून जोरात ढकललं तर काय होतं? फरशी गुळगुळीत असेल तर ते सरकतं. पाय अडकलेले असतील तर तुमच्या बाजूचा खालचा कोपरा वर उचलला जातो. भूकंपात छताचं वजन नेमकं हेच करतं. छत आडवं धावू पाहतं, तो धक्का भिंतीच्या माथ्यावर येतो. भिंत खाली बोल्टने अडकलेली असल्याने सरकत नाही, म्हणून तिचं एक टोक उचललं जातं. पुढच्या अर्ध्या सेकंदात धक्क्याची दिशा उलटते आणि दुसरं टोक उचललं जातं. म्हणून होल्डडाउन दोन्ही टोकांना लागतो. तुमच्या चार फुटी तुकड्यांना चार होल्डडाउन ते यामुळेच: दोन घराच्या कोपऱ्यांत, दोन दाराच्या चौकटीलगत.

आता आकडे. उदाहरणापुरतं धरू की त्या मागच्या रेषेवर २४०० पौंड आडवा जोर येतो. दोन तुकडे सारखे, म्हणजे प्रत्येकी १२००. चार फुटांत १२०० पौंड म्हणजे फुटाला ३००. या जोरासाठी पंधरा-बत्तीसांश इंची प्लाय आणि ८डी मापाचे खिळे घेतले, तर कडेला दर ६ इंचावर खिळा मारून भिंत फुटाला २६० पौंड झेलते, दर ४ इंचावर मारून ३८०. हे डग्लस फर लाकडाच्या स्टडसाठी (भिंतीतल्या उभ्या लाकडांसाठी), भूकंपात कोडने धरू दिलेले आकडे. तुकडा ९ फूट उंच आणि ४ फूट रुंद, म्हणजे उंची रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणून बांधकामाचा कोड त्यातूनही थोडं कापतो. म्हणजे ४ इंची खिळे हवेतच, ६ इंची पुरत नाहीत. ड्रॉइंगमधल्या शिअर वॉलच्या (आडवा जोर झेलणाऱ्या भिंतींच्या) तक्त्यात हे लिहिलेलं असतं. प्लाय ठोकून झालंय म्हणताय, तर टेप घेऊन मोजा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

हे फुटाला ३०० पौंड जातात कुठे? प्लायच्या उभ्या कडेला ठोकलेला प्रत्येक खिळा टोकाच्या स्टडला थोडं थोडं वर ओढतो. माथ्यापाशी त्या स्टडमध्ये ताण शून्य. एक फूट खाली आलात की ३००, दोन फुटांवर ६००, आणि नऊ फूट उतरून सिलपाशी पोचेपर्यंत २७००. प्रत्यक्षात दोन्ही टोकांच्या खांबांमधलं अंतर पूर्ण चार फूट नसतं, साडेतीनच्या आसपास भरतं, त्यामुळे हिशोब ३१०० च्या जवळ जातो. त्यातून भिंतीचं आणि तिच्यावरच्या छताचं वजन वजा करायचं. पण भूकंप जमिनीला खालीवरही हलवतो, म्हणून कोड ते वजन पूर्ण धरू देत नाही. तुमच्या भागात निम्म्याहून कमी धरावं लागतं. त्या चार फुटांवर येणारं वजन असून असून हजार-अकराशे पौंड, त्यातलाही काही भागच या टोकाला येतो, त्यामुळे हिशोबातून सुटतात जेमतेम ३००. उरला २८०० पौंड, म्हणजे सव्वा टनाहून जास्त, एका साडेतीन इंची लाकडी खांबाच्या तळाशी, वरच्या दिशेने.

भारतात आरसीसी शिकून इकडे आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात घर म्हणजे जड वस्तू. छताच्या पाच इंची स्लॅबचंच वजन चौरस फुटाला ६२ पौंड. इथलं अस्फाल्ट शिंगलचं छत, प्लाय, राफ्टर (छताचे वासे), सीलिंग सगळं धरून पंधरा-वीस पौंड. आपल्याकडे भिंत उचलली जाईल ही चिंताच नसते, वजन तिला दाबून धरतं. चिंता असते ती याच वजनाची, अंगावर येण्याची. इथे उलट. हलकं घर भूकंपात कमी जोर ओढवून घेतं हा त्याचा मोठा फायदा, पण तोच हलकेपणा त्याला कोपऱ्यात उचलू देतो. आपल्याकडे हलकेपणाचा हा तोटा दिसतो तो वादळात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनपाशी किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडात पत्रे उडाले, ते खाली दाबणारं वजन नव्हतं आणि बांधणी पुरेशी नव्हती म्हणून.

तर या २८०० पौंडांना अँकर बोल्ट का झेलत नाही? बोल्ट स्वतः कमकुवत नाही. पाच-अष्टमांश इंची पोलादी बोल्ट ओढून तोडायला याच्या कितीतरी पट जोर लागेल. पण बोल्टने धरलंय सिल प्लेटला, आणि वर जायला बघतोय स्टड. स्टड आणि सिल यांच्यामध्ये काय आहे? फ्रेमरने सिलच्या खालून स्टडच्या टोकात मारलेले दोन खिळे. लाकडाच्या टोकाकडून, रेषांच्या दिशेने घुसलेला खिळा ओढून काढायला फार ताकद लागत नाही. कोड त्याला उपटीत शून्य धरतो. मग उरतात प्लायच्या खालच्या कडेचे, सिलमध्ये गेलेले खिळे. ते सिलची बाहेरची कड वर ओढतात, बोल्ट मध्यावर तिला खाली धरून ठेवतो, आणि सिल आपल्या रुंदीत वाकते. लाकूड लांबीत दणकट, आडव्या रेषांत अगदीच लेचंपेचं. सिल बोल्टच्या ओळीतून उभी चिरते, सुरीने कापावी तशी सरळ. चिरली की अँकर बोल्ट सरकणंही नीट अडवत नाही. म्हणजे उचल थांबवायला सिल वापरली, तर तिचं मूळ कामही हातचं जातं.

बोल्टच्या नटाखाली तीन बाय तीन इंची, जवळजवळ पाव इंच जाडीची चौकोनी प्लेट हल्ली लावायला लावतात, तिची कड प्लायच्या बाजूला सिलच्या कडेपासून अर्ध्या इंचाच्या आत, ती ही चीर टाळण्यासाठी. तुमच्या बोल्टना गोल वॉशरच दिसत असतील तर तेही इन्स्पेक्टरच्या यादीत येईल. पण ही प्लेट सिल वाचवते, स्टडला धरत नाही. कोपऱ्यात आणखी एक बोल्ट मारला तर सिल आणखी एका जागी घट्ट होईल, एवढंच. स्टड आपला मोकळाच.

होल्डडाउन सिलला बगल देतो. पोलादी ब्रॅकेट खांबाच्या कुशीत स्क्रूने बसतं, त्याच्या बुडातून उभा रॉड सिलच्या भोकातून थेट काँक्रीटमध्ये जातो. जोर खांबातून ब्रॅकेटमध्ये, तिथून रॉडमध्ये, रॉडमधून पायाच्या काँक्रीटमध्ये. इथे बहुतेक ड्रॉइंगमध्ये सिम्पसन स्ट्राँग-टायची एचडीयू मालिका दिसते. एचडीयू-२ डग्लस फरमध्ये सुमारे ३००० पौंड घेतो, एचडीयू-४ साडेचार हजार. २८०० ला एचडीयू-२ कागदावर पुरतो, पण मी त्या जागी ४ लावतो. पूर्ण भरलेला होल्डडाउन थोडा ताणलाही जातो, आणि नऊ फूट उंच, चार फूट रुंद भिंतीत तळाशी एक अष्टमांश इंच उचललं की माथा पाव इंचाहून जास्त कलतो. अरुंद भिंतीत तळाची प्रत्येक ढील माथ्यावर दुपटीने दिसते.

ही ढील हा १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने शिकवलेल्या धड्यांपैकी एक. तेव्हाचे होल्डडाउन खांबाला आरपार बोल्टने जोडत. फ्रेमर भोकं थोडी मोठी पाडायचे, बोल्ट आत सहज जावा म्हणून, आणि भिंत तेवढी उचलली गेल्यावरच होल्डडाउन कामाला लागायचा. शिवाय ब्रॅकेट खांबाच्या एकाच बाजूला, त्यामुळे खांब वाकायचा. आता पाव इंची जाड स्क्रू थेट लाकडात जातात, भोकाचा प्रश्नच नाही. नॉर्थरिज मेडोज या तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला बसून १६ माणसं गेली. त्यात केवळ होल्डडाउनचा दोष नव्हता, पार्किंगमुळे तळमजल्याच्या भिंतीच अपुऱ्या होत्या. पण लाकडाचं घर लवचीक असतं, त्याला काही होत नाही, ही समजूत त्या पहाटे संपली.

ब्रॅकेटबद्दल एवढं पुरे. लोखंडाचा तुकडा क्वचितच फसतो. फसतं ते त्याच्या वर आणि त्याच्या खाली, आणि तुमच्याकडे दोन्हीकडे बघावं लागेल.

आधी वरचं. घराच्या कोपऱ्यात दोन भिंती मिळतात, तिथे फ्रेमर साधारणपणे तीन स्टड एकत्र करतो: एक मागच्या भिंतीचा शेवटचा, एक बाजूच्या भिंतीचा, आणि एक आतून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) ठोकायला आधार म्हणून. होल्डडाउन यांतल्या एकाला बसतो. प्लायच्या कडेचे ४ इंची खिळे कदाचित दुसऱ्यालाच गेलेले असतात. मघाशी म्हटलं तसं सगळा ताण ज्या स्टडमध्ये कडेचे खिळे आहेत त्याच्यात साठतो. होल्डडाउन शेजारच्या स्टडला असेल, तर मधला जोड २८०० पौंड पार करू शकला पाहिजे. दोन स्टड एकमेकांना जोडणारा १६डी कॉमन खिळा भूकंपासाठी सुमारे २२५ पौंड घेतो. म्हणजे १३ खिळे. पण आजकाल सगळे गनने ठोकतात, आणि गनमधला सव्वातीन इंची खिळा पातळ, ०.१३१ इंची, तो १५५ च्या आसपास घेतो, म्हणजे १८-१९ हवेत. फ्रेमर सवयीने दर दोन फुटांवर एक जोडी मारतो. नऊ फुटांत दहा. एका लाखमोलाच्या भिंतीत हा जोड कुणी बघतच नाही, कारण तो ना प्लायच्या तक्त्यात येतो ना होल्डडाउनच्या.

म्हणून कोपऱ्यात मी ड्रॉइंगवर मोठा आडवा छेद काढतो: कुठला स्टड, कुठल्या प्लायचे खिळे कशात, कुठे ब्रॅकेट. मागच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही भिंती शिअर वॉल असतील तर एकाच कोपऱ्यातला एक होल्डडाउन दोघींचं काम करू शकतो, पण मग दोन्ही भिंतींच्या कडेचे खिळे त्या खांबापर्यंत पोचायला हवेत, आणि न पोचणाऱ्या भिंतीचा स्टड वर सांगितला तसा टाचून घ्यायला हवा. तुमच्या इंजिनिअरने बाजूच्या भिंतीला कोपऱ्यात वेगळा दाखवला नसेल तर त्याने हेच गृहीत धरलं असणार. विचारून खात्री करा. बरं, खांब किमान तीन इंच जाड लागतो, चार बाय चार किंवा दोन स्टड जोडून. एकट्या दीड इंची स्टडला अडीच इंची स्क्रू मारले तर ते पलीकडे बाहेर येतात आणि पकड अर्धी होते. स्क्रू कंपनीचेच, जेवढी भोकं तेवढे. डेकचे काळे स्क्रू भरलेला होल्डडाउन दिसला तर तो नाही असंच समजा. ते कडक असतात, वाकत नाहीत, खटकन तुटतात.

आता खालचं, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे.

होल्डडाउनचा रॉड काँक्रीट ओतण्याआधी बसवायचा असतो. तसा बसवला असता तर खाली वाकवलेला किंवा डोकं असलेला खास बोल्ट फूटिंगमध्ये (पायाच्या काँक्रीटमध्ये) सोळा-चोवीस इंच खोल गेला असता. आता ड्रिल करून इपॉक्सीने रॉड बसवावा लागेल. हे चालतं, रोज चालतं, पण कुठेही नाही. रॉड वर ओढला की काँक्रीटमधून उलट्या शंकूसारखा तुकडा निघू बघतो. रॉडच्या खोलीच्या साधारण दीडपट त्रिज्येचा. स्लॅबच्या मध्यावर हा शंकू पूर्ण भरतो. दोन बाय चारच्या (प्रत्यक्षात साडेतीन इंच जाड) भिंतीत रॉड बाहेरच्या कडेपासून पावणेदोन इंचावर येतो, म्हणजे शंकूचा जवळजवळ अर्धा भाग हवेत. आणि घराच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी कापला जातो, हाती येतो पाव शंकूच्या आसपास. त्यात भर म्हणजे निर्णायक मोड काँक्रीट फुटण्याचा असेल, रॉड ताणून लांबण्याचा नसेल, तर कोड मागणी अडीच-तीन पट धरायला लावतो. कारण उघड आहे: पोलाद ताणलं जातं आणि धरून ठेवतं, काँक्रीट एकदम फुटतं. त्यामुळे तुमच्या दाराकडच्या दोन होल्डडाउनना इपॉक्सी रॉड बहुधा बसेल, कोपऱ्यातल्या दोघांचं गणित बसेल असं मी आधीच सांगणार नाही. तुमचा इंजिनिअर त्या इपॉक्सीच्या अधिकृत अहवालातले आकडे घेऊन एसीआय ३१८ या काँक्रीटच्या अमेरिकी कोडच्या सतराव्या प्रकरणाने ते करेल. कॉन्ट्रॅक्टरने अंदाजे खोली ठरवून भोक पाडू नये.

भोक पाडण्याआधी एक गोष्ट. गॅरेजच्या किंवा खोलीच्या काँक्रीटवर पोस्ट-टेन्शन्ड (म्हणजे आत ताणलेल्या केबल असलेलं) असा शिक्का आहे का बघा. वाढीव खोलीच्या स्लॅबला ते शक्यतो नसतं, पण असेल तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. ताणलेली केबल कापली गेली तर काँक्रीट फोडून बाहेर येते.

कोपऱ्यात गणित बसलं नाही तर दोन रस्ते. एक, होल्डडाउन कोपऱ्यापासून आत सरकवणं. कोपऱ्याच्या खांबाच्या आतल्या कुशीला ब्रॅकेट, किंवा शेजारी नवा खांब घालून प्लायच्या कडेचे खिळे तिथे. भिंत थोडी अरुंद होते, ताण थोडा वाढतो, पण शंकूला एका बाजूने काँक्रीट मिळतं. चार फुटांच्या तुकड्यात सरकवायला जागा फार नाही, आठ-दहा इंच गेले की भिंत शिअर वॉल म्हणून पास होईल का तेच बघावं लागेल. दुसरा रस्ता मेहनतीचा पण माझ्या मते तुमच्यासाठी सरळ: कोपऱ्यात स्लॅब आणि त्याची जाड कड दोन-अडीच फूट फोडून काढायची, खाली खोदून चौकोनी फूटिंग ओतायचं, जुन्या कडेत इपॉक्सीने सळया रोवून जोडायचं, आणि त्यात नवा बोल्ट साच्याने धरून ओतायचा. भिंत उभी असताना तिला टेकू द्यावा लागेल. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल. पण ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं त्याने सोडलंय, त्यामुळे तो खर्च कोणाचा हे करारात बघा.

आणि हे फूटिंग कोपऱ्यात नुसता पोकळ समाधानापुरता दगड नको. २८०० पौंड शेवटी काँक्रीटच्या वजनानेच अडवायचे आहेत, मातीला काँक्रीट चिकटत नाही. अडीच बाय अडीच फूट आणि दोन फूट खोल फूटिंगचं वजन येतं १८७५ पौंड, आणि मघाशी म्हटलं तसं त्यातलं निम्म्याहून कमी धरायचं. म्हणजे एकटं पुरत नाही. एक फूट रुंद, दीड फूट खोल स्लॅबच्या कडेचं वजन फुटाला सव्वादोनशे पौंड, म्हणून ती कड लांबवर सोबत उचलली जाईल अशी जोडलेली हवी. वर-खाली सळया घालून तुळईसारखी. जुन्या कडेत वर आणि खाली दोन्हीकडे सळई आहे का, हे इथे फार महत्त्वाचं. कोपरा वर उचलला जातो तेव्हा ताण कडेच्या तळाला येतो, धक्का उलटून कोपरा दाबला जातो तेव्हा वरच्या बाजूला, आणि नेहमीच्या सवयीची एकच सळई असते ती तळाला. फोडकाम करताना ती दिसेल, तेव्हा इंजिनिअरला बोलवा.

इपॉक्सी बसवताना भोक साफ करणं हेच खरं काम. पाच-अष्टमांशच्या रॉडला पाऊण इंची भोक, खोली ड्रॉइंगप्रमाणे. हवेचा झोत तळापासून, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा झोत, अहवालात सांगितलंय तितक्या वेळा. काँक्रीटची भुकटी भोकाच्या भिंतीला चिकटून राहिली तर इपॉक्सी काँक्रीटला न धरता भुकटीला धरते, आणि रॉड हाताने घट्ट वाटतो पण ओढल्यावर निघून येतो. शहर बहुधा स्पेशल इन्स्पेक्टर मागेल. मागितला नाही तरी तुम्ही मोबाइलवर भोक साफ करतानाचा आणि ट्यूबवरच्या एक्स्पायरी तारखेचा फोटो काढा. थंडीत इपॉक्सी वाळायला खूप वेळ लागतो. जानेवारीत सकाळी भरून संध्याकाळी नट आवळणारे लोक आहेत.

नट हाताने घट्ट बसेल इतका फिरवायचा, मग पान्याने एक तृतीयांश ते अर्धा फेरा. इम्पॅक्ट गन नको, ती ब्रॅकेट वाकवते किंवा रॉडचा इपॉक्सीतला बंध हलवते. रॉड जरा बाजूला आला म्हणून तापवून वाकवणं सरळ नाकारा; त्याऐवजी ब्रॅकेट वर चढवता येतो, अठरा इंचांपर्यंत वर नेला तरी त्याची क्षमता कमी होत नाही, आणि थोडासा फरक त्या उंचीत सामावतो. सिल प्रिझर्व्हेटिव्ह लावलेली असते, त्यातलं तांबं साधं पोलाद खातं, म्हणून रॉड आणि नट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्यायला सांगा.

ड्रायवॉल लावण्याआधी पुन्हा एकदा सगळ्या नटांवर पाना फिरवा. ओलं लाकूड वाळताना आकसतं, सिल चेपते, आणि नट सैल होतो. एकमजली घरात हे थोडं असतं. दोन मजल्यांत मधले जॉइस्ट (फरशीखालच्या लाकडी तुळया) आणि प्लेट मिळून पाव इंचाहून जास्त आकसतात, म्हणून तिथे वरपर्यंत एक सलग रॉड आणि आपोआप आवळत जाणारी स्प्रिंगची उपकरणं लावतात. तुम्हाला वर मजला नाही, तेवढं सोपं.

वाऱ्याचं विचाराल, तर तुमच्याकडे बे एरियात तुमच्या आकाराच्या खोलीला भूकंपच निर्णायक ठरतो. ऑर्लँडो किंवा ह्यूस्टनला राहणाऱ्यांचा हिशोब वेगळा. तिथे वारा छताला वर शोषतो, आणि छताच्या कोपऱ्यांवर शोषण सर्वांत जास्त. तिथे प्रत्येक राफ्टरपासून खालपर्यंत पट्ट्यांची साखळी हवी आणि ती कोपऱ्यातल्या होल्डडाउनपाशी थांबत नाही. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाच्या कोडमध्ये ती सक्ती कडक झाली.

आता जुनं घर. १९५० च्या दशकातलं क्रॉलस्पेसवरचं घर असेल तर आधी खाली उतरून बघा: सिल काँक्रीटला बोल्टने जोडली आहे का, आणि पाया ते फरशीच्या जॉइस्टमध्ये बुटकी भिंत आहे का, आणि असली तर तिला प्लाय आहे का. कॅलिफोर्नियात अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट नावाची योजना आहे. पात्र घराला ३००० डॉलरपर्यंत मदत मिळते. तिथे तुम्हाला दिसेल की बुटक्या भिंतीला प्लाय आणि बोल्ट दोन्ही लावतात, होल्डडाउन मात्र अनेकदा नाही. विसरले म्हणून नाही. टोकाचा ताण म्हणजे फुटाचा जोर गुणिले उंची, आणि दोन फुटी भिंतीत ती उंचीच दोन. तुमच्या ३०० च्या जोरावर ६०० पौंड, आणि वर अख्ख्या घराचं वजन. ते ६०० पौंड वजनच पचवतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात आलेली नाही आणि ती ड्रॉइंगमध्ये शोधा. जुनी मागची भिंत काढल्यामुळे जुन्या छताचा काही जोर आता नव्या मागच्या भिंतीपर्यंत यायचा आहे. तो येणार जुनं छत आणि नवं छत यांच्या जोडातून. तिथे पोलादी पट्ट्या, ब्लॉकिंग (मधले आडवे लाकडी ठोकळे) आणि छताच्या प्लायचे खिळे दाखवलेले असतील. ते राहून गेले तर नवी भिंत होल्डडाउनसकट मजबूत उभी राहील, आणि जुनं घर तिच्यापासून स्वतंत्र हलेल. छतावर शिंगल चढण्याआधी इन्स्पेक्टरला तेही दाखवा. तुमचं छत अजून उघडं असेल तर याच आठवड्यात.